श्रमाविना निर्वाह : पुरेशी बचत म्हणजे किती?

पुरेशी बचत कोणती, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः रकमेच्या रूपाने मागितले जाते. कोणी पन्नास लाख म्हणतो, कोणी एक कोटी, कोणी पाच. ही तफावत मुख्यतः प्रश्न अपुरा मांडला गेल्यामुळे उद्भवते. संचित कितीही असो, त्यावर कोणता खर्च, किती वर्षे आणि कोणत्या भावपातळीला चालवावयाचा आहे हे सांगितल्याखेरीज ते पुरेसे आहे की नाही, हे ठरविता येत नाही.

वेतन किंवा व्यवसायाचे उत्पन्न उद्यापासून बंद झाले तरी ज्या कुटुंबाचा रूढ राहणीचा खर्च हयातभर संचितातून भागू शकेल, ते कुटुंब आर्थिक दृष्ट्या श्रमापासून स्वतंत्र, अशी मर्यादित व्याख्या येथे अभिप्रेत आहे. या व्याख्येत रकमेला स्वयंभू स्थान नाही. दरमहा २०,००० रुपयांत निर्वाह करणारे सोलापूरचे एखादे कुटुंब ६० लाखांवर जितके स्वतंत्र, तितकेच दरमहा १ लाख खर्चणारे मुंबईचे कुटुंब ३ कोटींवर. कारण दोहोंचे संचित वार्षिक खर्चाच्या २५ पट आहे. तेव्हा विचार करावयाचा तो पटीचा. राहते घर स्वतःचे असेल तर भाडे खर्चातून वजा होते, आणि म्हणूनच घराची किंमत पुन्हा संचितात धरता येत नाही. पुष्कळ घरगुती हिशेबांत हा लाभ दोनदा मोजला जातो आणि पट उगाच मोठा दिसतो.

पटीचा हा विचार नवा नाही. इंग्लंडात जमिनीची किंमत ‘इतक्या वर्षांच्या उत्पन्नाइतकी’ अशा परिभाषेत सांगण्याची जुनी रीत होती. अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सरकारने आपली निरनिराळी कर्जे एकत्र करून शेकडा ३ व्याजाचे, मुदत नसलेले रोखे प्रचारात आणले. कन्सोल या नावाने ते प्रसिद्धी पावले. दर्शनी किमतीस घेतलेल्या या रोख्यांतून वर्षास १०० पौंड मिळवावयाचे तर सुमारे ३,३३३ पौंड गुंतवावे लागत, म्हणजे खर्चाच्या ३३⅓ पट. व्याज शेकडा ४ असेल तर पट २५, शेकडा ५ असेल तर २०. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याजावर जगावयाचे आणि मुद्दल पुढील पिढीस द्यावयाचे, इतका हा सरळ हिशेब होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील व्याजजीवी वर्ग याच हिशेबावर उभा राहिला.

या हिशेबात एक गृहीत तत्त्व दडलेले होते, ते म्हणजे भावपातळीचे स्थैर्य. नेपोलियनच्या युद्धांच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जी भावपातळी होती, तिच्यापेक्षा १९१४ मधील पातळी वर नव्हती. मधल्या काळात चढउतार झाले, परंतु शंभर वर्षांच्या अंतराने पौंडाची क्रयशक्ती घटलेली नव्हती. त्या काळी व्याजजीवी माणसाला भय वाटे ते व्याजदर उतरण्याचे. १८८८ मध्ये अर्थमंत्री गोशेन यांनी शेकडा ३ चे रोखे शेकडा २¾ वर आणले आणि १९०३ पासून तो दर २½ होईल अशी तरतूद केली. परिणामी रोखेधारकाचे उत्पन्न प्रथम एक द्वादशांशाने आणि अखेर एकूण एक षष्ठांशाने घटले. हे नुकसान पीडादायक असले तरी सोसण्याजोगे होते.

पहिल्या महायुद्धानंतर जे घडले ते सोसण्याजोगे नव्हते. १९२८ मध्ये फ्रान्सने फ्रँकचे नवे सुवर्णमूल्य ठरविले, तेव्हा ते युद्धपूर्व मूल्याच्या सुमारे एक पंचमांश होते. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका नव्या रेंटनमार्कचे मूल्य एक लक्ष कोटी कागदी मार्कांइतके धरण्यात आले. ज्यांचे संचित रोख्यांत व ठेवींत होते, त्यांना व्याजाचा प्रत्येक मार्क ठरल्याप्रमाणे मिळाला आणि त्यात काहीही विकत घेता येईनासे झाले. केन्स यांनी १९२३ च्या आपल्या चलनविषयक ग्रंथात भाववाढीमुळे समाजातील निरनिराळ्या वर्गांवर काय ओढवते याचे विवेचन केले, त्यात गुंतवणूकदार वर्गाच्या या हानीस अग्रस्थान आहे. पुढे १९३६ मध्ये त्यांनीच भांडवलाची दुर्मिळता संपून व्याजजीवी वर्गाचा हळूहळू सुखान्त होईल असे भाकीत केले. हा वर्ग प्रत्यक्षात मोठ्या अंशी भाववाढीने संपविला आणि त्यात सुख फारसे नव्हते.

तेव्हा पट ठरविताना धरावयाचा दर हा दर्शनी व्याजदर नव्हे. भाववाढ वजा जाता उरणारा वास्तव दर होय. अर्व्हिंग फिशर यांनी १८९६ पासून हा भेद शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आहे. तो मान्य करणारे लोकही घरचा हिशेब करताना विसरतात, याचे कारण पासबुकातील आकडा हे होय.

एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. वर्षास ६ लाख रुपये खर्च असलेल्या गृहस्थाजवळ १ कोटी ५० लाखांची ठेव आहे, म्हणजे खर्चाच्या २५ पट. ठेवीवर शेकडा ७ व्याज मिळते आणि त्याचा खर्च दरसाल शेकडा ६ ने वाढतो, असे धरावे. पहिल्या वर्षी व्याज १० लाखांच्या घरात येते आणि खर्च ६ लाखच आहे; गृहस्थाला वाटते की आपण गरजेपेक्षा अधिक साठविले. पुढेही सुमारे बारा वर्षे मुद्दल आकड्यांत वाढतच राहते आणि १ कोटी ८४ लाखांच्या आसपास पोचते. एवढ्या अवधीत खर्च दुप्पट झालेला असतो. तेथून उतार सुरू होतो, तो दरवर्षी अधिक तीव्र होत जातो आणि २८ वर्षे पुरी होताच मुद्दल जवळजवळ संपते. व्याजाचा पाचवा हिस्सा करात जात असेल, तर हाच अवधी २४ वर्षांवर येतो. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला हे कदाचित पुरेल. पंचेचाळिसाव्या वर्षी काम सोडणाऱ्याला त्र्याहत्तराव्या वर्षी रिक्तहस्त करील. येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पहिली बारा वर्षे संकटाची कोणतीही खूण दिसत नाही. स्वातंत्र्याची भावना जेव्हा सर्वांत बळकट असते, तेव्हाच तिचा पाया खचू लागलेला असतो.

वास्तव दर आणि अवधी हे दोन आकडे ठरले म्हणजे पट गणिताने निघतो. मुद्दल अखेरीस शून्यावर आले तरी चालेल असे मानल्यास, शेकडा ३ वास्तव दराने ३० वर्षांसाठी सुमारे २० पट पुरतो. शेकडा १ दराने त्याच अवधीला २६ पट लागतो. अवधी ४० वर्षांचा केला तर शेकडा १ दराने ३३ पट आणि ५० वर्षांचा केला तर ३९ पट. वास्तव दर शून्य असेल, तर जितकी वर्षे तितके पट. वीसपासून पन्नासापर्यंतच्या या टप्प्यातील कोणता आकडा खरा, हे गणित सांगू शकत नाही, कारण पुढील तीस-चाळीस वर्षांचा वास्तव दर आज कोणालाच ज्ञात नसतो.

या अज्ञानावर तोडगा म्हणून इतिहासाकडे वळण्याचा जो प्रयत्न झाला, तो अमेरिकेतील विल्यम बेंगन यांचा. विमानविद्येचे शिक्षण घेतलेले बेंगन कॅलिफोर्नियात आर्थिक सल्लागार म्हणून काम करीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी १९२६ पासूनची अमेरिकन आकडेवारी घेतली आणि असा प्रश्न केला : प्रत्येक वर्षी एक काल्पनिक गृहस्थ निवृत्त झाला, त्याचे संचित समभाग व सरकारी रोखे यांत विभागलेले होते, पहिल्या वर्षी त्याने संचिताचा ठराविक हिस्सा काढला आणि पुढे दरवर्षी ती रक्कम भाववाढीच्या प्रमाणात वाढविली, तर अत्यंत प्रतिकूल काळात निवृत्त झालेल्याचेही संचित निदान ३० वर्षे टिकावे असा मोठ्यात मोठा हिस्सा कोणता? उत्तर शेकडा ४ च्या किंचित वर आले. चाराचा व्यस्त पंचवीस. लोकप्रिय झालेला ‘खर्चाच्या पंचवीस पट’ हा नियम येथून निघाला. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या कूली, हबर्ड व वॉल्झ या तीन प्राध्यापकांनी असाच अभ्यास यशापयशाच्या शेकडेवारीत मांडला आणि नियमाचा प्रसार वाढला. बेंगन यांनी स्वतः पुढे गुंतवणुकीचे अधिक प्रकार समाविष्ट करून आपला आकडा वाढविला; २०२५ च्या पुस्तकात तो शेकडा ४.७ आहे.

या नियमाचे दोन विपर्यास वारंवार आढळतात. दरवर्षी शिल्लक संचिताच्या शेकडा ४ काढावयाचे, असे काहीजण समजतात. तसे केल्यास संचित कधीच संपणार नाही हे खरे, पण मिळणारी रक्कम बाजाराबरोबर वरखाली होईल आणि निर्वाहाची शाश्वती उरणार नाही. दुसरा विपर्यास अधिक गंभीर आहे. सरासरी परतावा शेकडा ४ पेक्षा अधिक असला की नियम सुरक्षित, असा तो समज. सरासरीने येथे काम भागत नाही; परताव्यांचा क्रम निर्णायक ठरतो. १०० रुपयांच्या संचितातून दर वर्षअखेर ५ रुपये काढले जातात असे धरावे. तीन वर्षांत अनुक्रमे शेकडा ३० घट, स्थिर आणि शेकडा ५० वाढ झाली, तर अखेर ८५ रुपये उरतात. तेच तीन आकडे उलट क्रमाने आले, तर ९३ उरतात. काहीच काढले नसते, तर दोन्ही क्रमांत १०५ झाले असते. म्हणजे साठविणाऱ्याला क्रमाची फिकीर करण्याचे कारण नाही, काढणाऱ्याला मात्र आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मंदी व भाववाढ एकत्र आली तर पुढील तेजी त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण तेजीत वाढण्यासाठी मुद्दलच पुरेसे उरलेले नसते. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेले लोक याच कारणाने सर्वांत प्रतिकूल ठरतात. १९२९ च्या महामंदीचा घाव त्यांच्या मानाने सौम्य होता, कारण तेव्हा भावही कोसळले आणि खर्चही त्यांबरोबर उतरला.

शिवाय हा सारा पुरावा विसाव्या शतकातील अमेरिकेचा आहे, म्हणजे दोन्ही महायुद्धे जिंकलेल्या आणि स्वतःच्या मुख्य भूमीवर ती न अनुभवलेल्या देशाचा. वेड फाउ यांनी २०१० मध्ये १७ विकसित देशांच्या आकडेवारीवर हीच कसोटी लावली, तेव्हा शेकडा ४ चा दर त्यांपैकी केवळ ४ देशांत सुरक्षित आढळला. पंचवीस हा आकडा निसर्गनियम नसून एका भाग्यवान देशाचा अनुभव आहे, हे एवढ्यावरून कळून यावे. भारतात तो जसाच्या तसा उचलण्याचा प्रघात समाजमाध्यमांवर व सल्लागारांच्या पुस्तिकांत रूढ झाला आहे, त्यास शास्त्रीय आधार तुटपुंजा आहे. १९७४-७५ साली भारतात घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या होत्या. त्यानंतर परिस्थिती पालटली. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेला ग्राहक भाववाढ शेकडा ४ च्या आसपास, २ ते ६ या मर्यादेत, राखण्याचे उद्दिष्ट कायद्याने घालून देण्यात आले. तथापि या मर्यादेच्या आतही फरक किती पडतो हे पाहावे : शेकडा ४ ने ३० वर्षांत भाव सव्वातीन पट होतात, शेकडा ६ ने पावणेसहा पट.

येथवर आयुष्याची लांबी ठाऊक असल्यासारखे धरले. ती ठाऊक नसते, आणि पट फुगविणारे हे दुसरे कारण होय. एकटा माणूस नव्वदीपर्यंत जगण्याची तरतूद करतो. पंच्याहत्तरीत वारला तर पंधरा वर्षांचे संचित न वापरता राहते. हजारो माणसे एकत्र आली तर लवकर जाणाऱ्यांचे शेष दीर्घायुष्यांना पुरते आणि प्रत्येकाला कमी संचित पुरेसे होते. विमा-व्यवहारात याला वार्षिकी म्हणतात; हयातीपर्यंत दरसाल ठराविक रक्कम देणारा हा करार जुन्या मराठी व्यवहारातील वर्षासनाच्या कल्पनेशी नाते सांगतो. मेनाहेम यारी यांनी १९६५ मध्ये दाखविले की ज्याला वारसांसाठी काही ठेवावयाचे नाही, त्याने काही अटींखाली आपले सर्व संचित वार्षिकीतच घालणे इष्ट. प्रत्यक्षात लोक असे करीत नाहीत, आणि अर्थशास्त्रज्ञ याला कोडे म्हणतात. भारतापुरते तरी हे कोडे फारसे अवघड नाही. येथे मिळणारी वार्षिकी बहुधा ठराविक रुपयांची असते, भावनिर्देशांकाशी जोडलेली नसते. ती घेणारा आयुष्याच्या अनिश्चिततेपासून मुक्त होतो आणि भाववाढीच्या स्वाधीन होतो. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य बचतदारांसाठी निर्देशांकाशी जोडलेले रोखे काढले होते, परंतु त्यांना प्रतिसाद अल्प मिळाला आणि ती योजना फार काळ चालली नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे महागाई भत्त्यासह मिळणारे निवृत्तिवेतन ही किती मोठी संपत्ती आहे, याचा उलगडा होतो. दरमहा ४०,००० रुपयांचे असे वेतन बाजारातील संचिताने उभे करावयाचे झाल्यास २५ पटीने १ कोटी २० लाख, ३० पटीने १ कोटी ४४ लाख लागतील. आणि एवढे करूनही आयुष्य व भाववाढ या दोन्ही जोखमी निवृत्ताच्याच माथी राहतील. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांसाठी ही पद्धत बंद करून अंशदानाची पद्धत आणली. एकाच कार्यालयात, एकाच पदावर, ऑक्टोबर २००५ मध्ये रुजू झालेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रुजू झालेला अशा दोन कर्मचाऱ्यांच्या मासिक वेतनात काही अंतर नसे. त्यांच्या संपत्तीत मात्र वरील हिशेबाने कोटी-सव्वा कोटीचे अंतर पडले, ज्यातून दुसऱ्याच्या खात्यात साठलेली अंशदाने तेवढी वजा करावयाची. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी केलेला संप हा केवळ भावनेचा उद्रेक होता असे मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. त्याचबरोबर त्या संपत्तीचा भार कोणावर पडतो, हाही हिशेब केला पाहिजे : निर्देशांकाशी जोडलेले वचन पाळण्याची जोखीम शासन, म्हणजे अखेरीस करदाता, उचलतो, आणि त्या करदात्यांतील बहुसंख्य लोकांना असे कोणतेही वचन मिळालेले नसते. खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या १९९५ च्या योजनेत २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले; त्यास निर्देशांकाची जोड नव्हती. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेली एकीकृत योजना महागाई दिलाशाची हमी काही अंशी परत आणते, पण ती सरकारी नोकरांपुरतीच.

निवृत्तिवेतन नसलेल्यास मग मार्ग उरतो तो बचतीचा. तिची गती उत्पन्नापेक्षा बचतीच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते, कारण खर्च कमी केल्याने दोन परिणाम एकदम होतात : साठा वाढतो आणि गाठावयाचे लक्ष्य खाली येते. वास्तव परतावा शेकडा ३ आणि लक्ष्य २५ पट धरल्यास, उत्पन्नाचा दशांश वाचविणाऱ्याला ६९ वर्षे लागतात, म्हणजे तो हयातीत तेथे पोचत नाही. चतुर्थांश वाचविणाऱ्याला ४० आणि अर्धे वाचविणाऱ्याला १९. यातील पहिला आकडा अनुदार वाटेल, परंतु दशांश बचतीवर वार्धक्याची तरतूद होते हा समज कोठून आला, हे शोधण्यासारखे आहे. ज्यांचे सारे उत्पन्न निर्वाहातच संपते, त्यांच्यासाठी हे गणित मुळी सुरूच होत नाही, हेही ओघाने आले.

राहिला प्रश्न भावनेचा. पट पुरेसा असूनही स्वातंत्र्य वाटत नाही, अशी तक्रार ऐकू येते आणि तिला मनाचा दुबळेपणा समजण्याची प्रवृत्ती आहे. परंतु पटीच्या हिशेबात खर्च हा एक गुळगुळीत, दरसाल सारख्या गतीने वाढणारा आकडा असतो. प्रत्यक्षात तो तसा नसतो. एक शस्त्रक्रिया दोन वर्षांचा खर्च एका महिन्यात करविते. मुलीचे शिक्षण, भावाचे आजारपण, गावाकडील घराचे छप्पर या खर्चांना वेळापत्रक नसते आणि त्यांना नकार देणे हे त्या कुटुंबाच्या रूढ राहणीत बसत नाही. अशा खर्चासाठी वेगळी रक्कम पटीच्या बाहेर काढून ठेवणे हाच योग्य उपाय होय.

याच्या उलट बाजूस, कुटुंब हे जोखमीचे कारण असते तसे विमाही असते. कॉटलिकॉफ व स्पिवाक यांनी १९८१ मध्ये कुटुंबाचे वर्णन वार्षिकीचा अपूर्ण बाजार असे केले आणि गणिताने दाखविले की अगदी लहान कुटुंबातील परस्पर-आधारही बाजारातील वार्षिकीच्या लाभाचा बराच मोठा भाग मिळवून देऊ शकतो. मुलाने म्हातारपणी सांभाळावे आणि उरलेली मिळकत त्याला जावी, हा अलिखित करार म्हणजे दीर्घायुष्याचा विमाच. त्यात हप्ता वारशाच्या रूपाने दिला जातो, आणि मुलाच्या मिळकतीत भाववाढीबरोबर वाढ होत असल्याने निर्देशांकाची सोयही त्यात आपोआप येते. सातारा जिल्ह्यातील दोन मुलांच्या घरात राहणारे निवृत्त दांपत्य २० पटीवर निश्चिंत असते आणि तेवढाच खर्च असलेले, मुले परदेशी स्थायिक झालेले पुण्यातील दांपत्य ३० पटीवरही अस्वस्थ असते, याचा उलगडा या करारात आहे. पहिल्याने विम्याचा मोठा भाग घरातच ठेवलेला आहे. दुसऱ्याला तो मिळत नाही, निर्देशांकाशी जोडलेली वार्षिकीही बाजारात मिळत नाही, आणि म्हणून उरलेली सारी जोखीम त्याला अधिक मुद्दलाने भरून काढावी लागते.